नागनाथच्या नावानं

अर्धी दाढी झाली होती. उजवा गाल अजून साबणात होता, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने पेपर उघडून धरला म्हणून मागचं पान माझ्यासमोर आलं. आठ माणसं एका ओळीत उभी, गळ्यात झेंडूचे हार, बाजूला हात पाठीमागे घेतलेला पोलीससाहेब. असले फोटो त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, महिन्यातून एकदोनदा यायचेच. जंगलातून कुणीतरी शरण यायला खाली उतरायचं, बंदूक टेबलावर ठेवायचं, हार घालून घ्यायचं. मी लक्षही दिलं नसतं. पण डावीकडून तिसरा माणूस एक खांदा पाडून उभा होता, आणि तसा खांदा पाडून उभा राहणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिलाय. खाली तेलुगूत नावं होती. मी तेलुगू शाळेत शिकलोय, मला वाचायला वेळ लागत नाही, तरी ते नाव मी तीनदा वाचलं. लक्ष्मणराव यांचा मुलगा नागनाथ. न्हावी म्हणाला, "साब, हिलो मत." मी कुठे हलत होतो? तरी गालावर वस्तरा लागलाच. तुरटी झोंबली, आणि मग कळलं की मला भीती वाटतेय. चांगली सणसणीत भीती. कारण नागनाथला मरून साडेसहा वर्षं झाली होती. त्याच्या मातीला मी गेलो होतो. खांदा दिला होता.

उरलेला गाल तसाच पुसला आणि हैद्राबादच्या बसस्टँडवर आलो. घरी गेलो नाही. बायकोने विचारलं असतं कुठे, आणि मी सांगितलं असतं ऑफिसच्या कामाला. खोटं बोलायला मला जड जात नाही, तो माझा जुना धंदा आहे, पण त्या दिवशी नको वाटलं. आदिलाबादची बस लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली. म्हटलं, उद्धवराव, इच्चोड्याचं तिकीट काढा आता. साडेसहा वर्षं काढलं नाहीत. कंडक्टर माझ्या गालाकडे बघत होता, एक बाजू गुळगुळीत, एक बाजू कालची. बघ बाबा. मला जायचं होतं भागाबाईकडे. तिला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती दुसऱ्या कुणी सांगायच्या आत सांगायची होती. बस मात्र प्रत्येक सिग्नलला थांबत होती.

मी गोलकीपर होतो. हे मी कुणाला सांगत नाही, सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. लोकांना वाटतं गोलकीपरचं काम बॉल अडवायचं. छे! बॉल अडवावा लागतो दहा-पंधरा वेळा. बाकी दीड तास ओरडायचं. अख्खं मैदान त्यालाच समोर दिसतं, म्हणून कुणाच्या पाठीवर कोण आलंय, कुणी मागे सरकायचं, हे त्याने नाव घेऊन घेऊन सांगायचं. आणि आमच्या कॉलेजात तर त्या साली शिट्टीसुद्धा नव्हती. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा तो हिवाळा. जंगलात अन्नालोक, म्हणजे नक्षलवादी, रस्त्यावर पोलीस, आणि मधे आम्ही. अर्ध्या मैदानावर पोलिसांचा कॅम्प पडला होता. तंबू, काटेरी तार, आणि माझ्या गोलच्या बरोब्बर मागे वाळूच्या पोत्यांची भिंत, त्यात बंदुकीची नळी. पहिल्याच आठवड्यात सुधाकरराव सरांनी शिट्टी मारली तर तिकडे धावाधाव झाली, बंदुका आमच्याकडे वळल्या. त्यांच्यातही इशाऱ्याला शिट्टीच होती. सर खेळाचे शिक्षक, नांदेडकडचे, आवाजाचे दांडगे, पण त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात वर केले. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी बंद. रस्त्याने पळायचा व्यायामही बंद, कारण पळणारा पोरगा पाहिला की त्या काळात कुणीही, कुठूनही गोळी घालेल असं होतं. "पळाचं तं मैदानात पळा, अन् वरडाचं तं नाव घेऊन वरडा," सर म्हणाले. म्हणून आमचा सगळा खेळ नावांवर चालला. आणि नावं माझ्या तोंडात होती.

निर्मळपर्यंत शेजारी एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती. मी तिला दोनदा विचारलं किती वाजले, तिच्या हातात घड्याळ नव्हतं हे दिसत असून.

नागनाथ आमचा दहा नंबर. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, किराणा दुकानदार लक्ष्मणरावांचा एकुलता. दसऱ्याला तो माझ्या खोलीवर आला, बूट काढले, पेपरात गुंडाळले आणि म्हणाला, "ठेव तुह्याजवळ. मले आता चपलाच लागतीन." मी हसलो. तो हसला नाही. मग मला कळलं तो कुठे चाललाय, आणि मी विचारलं नाही. ह्यालाच आमच्याकडे शहाणपण म्हणायचे त्या काळात, न विचारणं. स्पर्धेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा दहा नंबरच्या रकान्यापाशी सरांचं पेन थांबलं. नागनाथ नाही म्हणजे गोल मारणारा नाही. त्याची फी भरलेली, हजेरीपटावर नाव चालू, फक्त माणूस नाही. सर म्हणाले, "नाव रिकामं हाये. मानूस पाहा." आता हे वाचून कुणी नाक मुरडू नये. आमच्याकडची कॉलेजं अशीच खेळायची. बाजारात, खेड्यात एखादा पोरगा चांगला खेळतो, त्याला कॉलेजचं तोंड माहीत नाही, पण हजेरीपटावरच्या एखाद्या सुट्ट्या नावाखाली तो मैदानात उतरायचा. समोरच्या टीममध्येही असे दोन-तीन असायचे, पंचांनाही माहीत असायचं. चोर चोर मावसभाऊ. सर तरी म्हणत होते की नागनाथ हैद्राबादला कामाला गेलाय. मला माहीत होतं तो कुठे गेलाय. आणि फॉर्मवर त्याचं नाव मी लिहिलं, माझं अक्षर चांगलं म्हणून.

माणूस मिळाला इच्चोड्याच्या बाजारात. वांग्यांच्या ढिगामागे बसलेला, आठवीतून शाळा सोडलेला फकिरा. ट्रकवाल्यांच्या पोरांबरोबर धाब्यामागे अनवाणी खेळायचा तेव्हा मी पाहिला होता. बॉल त्याच्या पायाला सोडून जातच नव्हता. सर आणि मी त्याच्या आईकडे गेलो. भागाबाई नाल्याकाठच्या वाडीत वांगी तोडत होती, विधवा बाई, बोलायला फटकळ. सरांनी सगळं समजावलं, महिनाभराचं जेवण, बूट, पुढेमागे पोलिसात नाहीतर खाणीत नोकरी. ती ऐकत होती, आणि मग म्हणाली, "खेळू द्या. पन नाव काऊन बदलता?" तिची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. हा तिसरा तिने पिराच्या दर्ग्यावर झोळी पसरून मागून घेतला, म्हणून फकिरा. मागून आणलेलं पोर, त्याच्यावर कुणाचा डोळा नको, म्हणून भिकाऱ्याचं नाव. "या नावानंच जगला तो," ती म्हणाली. सर म्हणाले, अहो बाई, कागदावर फक्त. तिने आणखी चार वांगी तोडली. शेवटी बोलली, "भाईर तुमी काईबी म्हना. माह्या बांधाच्या आत तो फकिराच." आम्ही हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

पण कागदापुरतं कुठलं काय! फकिराला नागनाथ म्हणून हाक मारली की तो वळायचाच नाही. मैदानात मी घसा फोडून ओरडतोय, "नागनाथ, मागं!", आणि हा गडी बैलासारखा पुढे. सर वैतागले. मग त्यांनी रीत काढली. नावाला ओ दिली नाही की मैदानाला एक फेरी. आणि आम्हाला सांगितलं की जेवताना, झोपताना, संडासला जाताना, केव्हाही अचानक हाक मारा. आम्ही पोरंच, आम्हाला काय, खेळच मिळाला. तो भाकरीचा घास तोंडाकडे नेतोय, मागून "नाग्या!" तो साबण लावून नळावर डोळे मिटून बसलाय, "नाग्या!" पहिल्या दिवशी त्याने बावीस फेऱ्या मारल्या. आठव्या दिवशी एकही नाही. दहाव्या दिवशी आम्ही हळूच "फकिरा" म्हणून पाहिलं, तर तो वळला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात.

बस घाट चढत होती. दोन्ही बाजूंना सागवान. पुलावरून जाताना मी श्वास धरून बसलो आणि पूल गेल्यावर सोडला. ती त्या सालची सवय. तेव्हा मॅचला जाताना पूल आला की आमची मॅटेडोर आपोआप गप्प व्हायची, कारण पुलाखाली सुरुंग असू शकतो, आणि पलीकडे गेलं की सगळे एकदम बोलायला लागायचे. फक्त फकिरा पुलावरही बोलत असायचा. वांग्याचा भाव, आईचं भांडण, कुणाच्या बैलाला काय झालं. त्याला त्या लढाईतलं काही पडलंच नव्हतं. बूट नागनाथचेच घातले होते, दीड बोट मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या. त्या बुटांत त्याने सात मॅचमध्ये अकरा गोल मारले. पेपरात नाव यायचं, नागनाथ. लक्ष्मणराव दुकानात ती कात्रणं काचेखाली लावायचे. आणि देवकाबाई, नागनाथची आई, फकिराला रविवारी घरी जेवायला बोलवायची. मी सोबत असायचो. ती त्याला गरम भाकरी, ठेचा, वर दही वाढायची आणि म्हणायची, "माह्या नाग्याच्या नावानं खेळतं लेकरू, त्याले कमी नाही पडू देनार." एकदा तो हात धुवायला गेला तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "बरं हाये रे उद्धवा. लोकाले वाटते पोरगं कॉलेजातच हाये." तिला माहीत होतं. मला माहीत होतं. ज्याच्या पाठीवर आम्ही ते नाव ठेवलं, त्याला मात्र आम्ही दोघांनीही सांगितलं नाही की हे नाव कसलं आहे.

बॉल कधीकधी माझ्या गोलवरून कॅम्पात जायचा. आणायचा नियम होता. दोन्ही हात वर करून तारेपर्यंत जायचं, थांबायचं, पहारेवाला विचारणार "कौन?", तेव्हा नाव सांगायचं, "बॉल" म्हणायचं, मग तो बॉल फेकणार. फकिराचे फटके जोराचे, म्हणून बॉल आणायलाही तोच जायचा. रोज चार-पाच वेळा. हात वर. "कौन?" "नागनाथ. बॉल." पुढेपुढे पहारेवाला हसायला लागला. "आ गया नागनाथ!" फकिरा पण हसायचा, तारेपलीकडे बिडीही मिळायची. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. आमच्या डोक्यात आलं नाही, एकाच्याही डोक्यात आलं नाही, की ज्या नावाचा माणूस जंगलात गेलाय त्या नावाने आपण एक चेहरा रोज चार-पाच वेळा पोलिसांपुढे नेऊन उभा करतोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

सेमीफायनल मंचेरियलला होती, खाणकामगारांच्या कॉलनीतल्या मैदानावर. कोळशाची काळी धूळ, घामावर बसून तोंडं काळी झालेली. एक-शून्यने जिंकलो, गोल फकिराचा. मॅच संपली, सगळे मधोमध नाचत होते, मी गोलपाशीच बसून गुडघ्याची पट्टी सोडत होतो. तेवढ्यात एक माणूस आला. पांढरा शर्ट, पायात चांगली चप्पल, हातात शेंगदाण्याची पुडी. "क्या खेलता है यार तुम्हारा दस नंबर!" म्हणाला. मला बरं वाटलं. शेंगदाणे पुढे केले, मी घेतले. "बुलाओ ना जरा. हाथ मिलाना है." आणि मी, तोंडात शेंगदाणे असताना, दोन्ही हात तोंडाशी नेऊन, दीड महिना ओरडत होतो तसाच ओरडलो, "नाग्याऽ! ए नागनाथ!" फकिरा वळला. पोरांच्या घोळक्यातून सुटला आणि मैदानाच्या मधून पळत आला, हसत, दात तेवढे पांढरे. त्या माणसाने हात पुढे केला. फकिराने आधी हात चड्डीला पुसला आणि मग दिला. तो हात त्या माणसाने सोडलाच नाही. फाटकापाशी जीप होती. सगळं इतक्या सवडीने झालं की लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, मामा भाच्याला घेऊन चाललाय. जीपमध्ये बसताना फकिराने माझ्याकडे पाहिलं. घाबरला नव्हता. विचारल्यासारखं पाहिलं, की आता काय, जाऊ का? आणि मी काय केलं? मी मान हलवली. देवा शपथ, मी मान हलवली, जा म्हणून, जशी मैदानात हलवायचो.

पुढे वर्षानुवर्षं मी हिशेब लावत बसलो की तो माणूस हात मिळवायला आलाच नव्हता. त्याला बघायचं होतं की त्या नावाला तो पोरगा ओ देतो का. त्याने दिली. आम्ही शिकवली होती तशी, एका हाकेत.

सर धावत आले. ते पांढरे पडले होते, आणि मला अजून आठवतं की ते आधी माझ्याकडे नाही, मैदानाबाहेर उभ्या स्पर्धेच्या पंचांकडे बघत होते. मी म्हणालो, सर, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जाऊन सांगू, हा नागनाथ नाही, फकिरा आहे. सर म्हणाले, "अन् मंग?" मंग टीम बाद. सातही मॅच गेल्या. आम्हा सगळ्यांवर दोन वर्षांची बंदी. ओळखपत्रावर फकिराचा फोटो, नागनाथचं नाव, आणि खाली सरांची सही. म्हणजे सरांची नोकरी गेली. घरी तीन पोरी. "पोरगं काई चोर हाये काय? इचारपूस करतीन, सोडतीन. उद्या फायनल होऊ दे. फायनल झाली का म्या सोता जाऊन सांगतो." ते हात जोडत होते मला. माझ्याएवढ्या पोराला मास्तर हात जोडतोय, हे पाहून मी विरघळलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगू? मला फायनल खेळायची होती. आणि त्याहून खरं म्हणजे, फकिरा नागनाथ नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग नागनाथ कुठे आहे, तुला केव्हापासून माहीत आहे? माझी फाटली. एवढंच. फकिराने स्वतः सांगितलंच असणार, मी नागनाथ नाही म्हणून. शंभरदा सांगितलं असेल. आणि त्यांनी त्याच्याच खिशातलं ओळखपत्र त्याच्यासमोर धरलं असेल.

फायनल आम्ही जिंकलो. पेनल्टीवर. मी दोन अडवल्या. आयुष्यात इतका चांगला मी कधी खेळलो नाही, आधी नाही, नंतर नाही, आणि ह्या गोष्टीची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही. पोरांनी मला उचललं. संध्याकाळी पाच वाजता, कप मॅटेडोरमध्ये ठेवून, सर आणि मी ठाण्यात गेलो. तिथले म्हणाले, इथे कुणाला आणलेलंच नाही. दुसऱ्या ठाण्यात जा म्हणाले. तिथेही तेच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी होत्या. चकमकीत एक ठार. नागनाथ, वय वीस.

प्रेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली ठेवलं होतं. ओळख पटवायला लक्ष्मणराव आणि देवकाबाईला आणलं. मी पाच-सहा हातांवर होतो. अंगात हिरवे कपडे घातलेले, बाह्या लांब, कुणाचे कोण जाणे. पण पायात फुटबॉलचे बूट होते. तळाला मंचेरियलची काळी धूळ. जंगलात लढायला निघालेला माणूस फुटबॉलचे बूट कशाला घालील, असं तिथे शंभर माणसांत कुणीही विचारलं नाही. मीही नाही. लक्ष्मणरावांनी पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडलं. ते म्हणणार होते. हा नाही, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. देवकाबाईने त्यांचा दंड धरला. मला तिची बोटं दिसत होती, नखं पांढरी झालेली. ती खाली बसली, बुटांना हात लावला आणि म्हणाली, "हे बूट माह्या नाग्याचेच हायेत." अधिकाऱ्याने विचारलं, और ये? तिने चेहऱ्याकडे पाहिलं. सहा रविवार तिने त्या चेहऱ्याला भाकरी वाढली होती. "हाच," ती म्हणाली, "हाच माहा पोरगा," आणि जो हंबरडा फोडला तो खोटा नव्हता, शंभर टक्के खरा होता. मेलेल्या माणसाला पोलीस शोधत नाहीत. तिने तिचं पोरगं वाचवलं. मी तिला दोष देत नाही. उठताना तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली बघितलं. मग आम्ही त्याला उचललं. मी डाव्या बाजूला होतो. तो फार हलका होता.

भागाबाईला सरांनी सांगितलं, की तुमचा फकिरा नागपूरला गेला, एका मिलच्या टीमने नेला, मोठा खेळाडू होईल, पत्र येईल. मी शेजारी उभा होतो. ती म्हणाली, "सांगूनई नाही गेला मेला." सर पुढच्या वर्षी बदली करून गेले. मी परीक्षा न देता हैद्राबादला पळालो, टायरच्या गोदामात लागलो. तिथे बारा हमाल आहेत. साडेसहा वर्षांत मी त्यांच्यातल्या एकालाही नावाने हाक मारलेली नाही. ए भाऊ, ए इकडे. ते मला शिष्ट समजतात.

इच्चोड्याला उतरलो तेव्हा चार वाजले होते. धाबे वाढले होते, ट्रक तेच. तिथून तीन किलोमीटर चालत. कापूस फुलावर होता, ज्वारी छातीला. पाय जड झाले म्हणतात ते खोटं आहे, पाय चांगले भराभर चालत होते, मीच मागे राहत होतो. भागाबाई वाडीतच होती, वाकलेली, टोपलीत वांगी तोडून टाकत. केस पार पांढरे. बांधाबाहेरच उभा राहिलो. "मावशी," म्हटलं.

तिने पाहिलं. ओळखलं. "उद्धवा न्हवं? येका बाजूनं दाढी काऊन केली रे?"

"मावशी, नागनाथ परत आला."

"आइकलं." ती परत वाकली. "सकाळपासून सारं गाव पाहाले जाऊन राह्यलं. मेलेला मानूस आला म्हून. मी नाही गेले. वांगे तोडाचे होते." दोन वांगी टोपलीत पडली. मग ती तशीच वाकलेली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग तवा जाळला तो कोन होता?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. "आपला फकिरा," मी म्हणालो.

तिने हातातलं वांगं तोडलं. देठाचा काटा लागला असावा, अंगठा तोंडात घातला. मग म्हणाली, "काल पितराचं ताट आलं देवकाबाईच्या घरून. दरसाल येते. म्या म्हनो, कुठली सोयरीक, कुठलं नातं, मले काऊन धाडते ही बाई?" अंगठ्याकडे बघत राहिली. "म्या खाल्लं, बाबा. दरसाल खाल्लं."

मी रडायला लागलो. तिने मला रडू दिलं, गप्प बस म्हणाली नाही, रड असंही म्हणाली नाही. मग विचारलं, "कोनी धरून देल्लं त्याले?"

"मी. मी हाक मारली."

"काय म्हून?"

"नागनाथ म्हणून."

"अन् तो आला?"

"आला."

"चालत?"

"पळत. हसत पळत आला, मावशी. एका हाकेत."

ती सरळ उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, वांग्यांच्या ओळीपलीकडे, पांदीच्या वाटेकडे बघत होती. "घरी तं दहा हाका मारल्या तरी हूं नाही म्हने," ती म्हणाली. "भाकर थंडी होऊन जाय." आवाजात राग होता, जुना, घरातला राग. "रोज दिवे लागनीले या बांधावरून हाक मारते म्या त्याले. रोज. पाऊस असो, काई असो. फकिराऽ म्हून." ओठ हलत होते. मग माझ्याकडे वळली, आणि पहिल्यांदाच मला तिचा चेहरा पुरता दिसला.

"म्हंजे सहा वर्सं म्या भलत्याच नावानं हाका मारून राह्यले."

मी म्हणालो, मावशी, तसं नाही. पण ती माझ्यासाठी तिथे नव्हतीच. टोपली खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला, बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी नेले, मी न्यायचो तसेच, आणि म्हातारीच्या अंगात एवढा आवाज कुठून आला कुणास ठाऊक, ती पांदीच्या दिशेने ओरडली.

"नागनाथाऽ! ए नागनाथाऽऽ!"

मी वळून रस्त्याकडे पाहिलं.